गौरी आल्या त्या दिवशी राज्यसभेत

२१ सप्टेंबर २०२३ ला आमच्या घरी गौरी यायच्या होत्या आणि मी दिल्लीत होते. लग्नाला तीस वर्षं झाली, गौरींना मी घरी नाही असं पहिल्यांदाच घडलं. थोरल्या बहिणीची मुलगी दिल्लीत यूपीएससीचा अभ्यास करते, तिला डेंगू झाला होता. बहिणीकडच्या गौरी मोठ्या, सोळा भाज्या, पंचवीस-तीस पानं उठतात, तिला घर सोडता येईना. माझ्याकडे सून हाताशी आहे. मग मीच मनमाडहून गाडीत बसले.

जुन्या राजेंद्रनगरात भाचीची खोली. एक कॉट, एक टेबल, भिंतीवर भारताचा नकाशा आणि छतापर्यंत पुस्तकं. मी पोचले तोवर ताप उतरला होता, पण उठून उभी राहिली की तिला चक्कर यायची. दोन दिवस नारळपाणी, मऊ भात आणि रोज रक्ततपासणी एवढंच चाललं होतं. १९ तारखेला गणेश चतुर्थी. त्याच दिवशी संसद जुन्या गोल इमारतीतून नव्या इमारतीत गेली आणि दुपारी कायदामंत्री अर्जुन राम मेघवाल यांनी लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मांडलं. भाची पडल्या पडल्या फोनवर बघत होती. म्हणाली, "मावशी, बिल आलं. तुझं बिल."

माझं म्हणजे असं की मी पाच वर्षं सरपंच होते. चांदवड तालुक्यातलं आमचं गाव, दोन हजारांच्या आतबाहेर वस्ती, कांदा आणि मका. २०१० ला तहसील कचेरीत सोडत झाली, शाळेतल्या एका मुलीने बरणीतून चिठ्ठी काढली आणि आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. ती चिठ्ठी निघाली नसती तर मी कुठल्याही खुर्चीत बसले नसते, हे मला पक्कं माहीत आहे. लोकसभेत आणि विधानसभेत अशी चिठ्ठी कधी निघणार, हे आम्ही बायका १९९६ पासून ऐकत होतो. त्या वर्षी देवेगौडांच्या सरकारने पहिल्यांदा विधेयक आणलं. मग ते परत परत आलं, परत परत अडलं.

ते विधेयक राज्यसभेत येईल तेव्हा आपण तिथे बसून बघायचं, हे मी त्या कॉटवर बसल्या बसल्या ठरवलं. सरपंच असताना पाण्याच्या योजनेसाठी ज्या खासदारांच्या कचेरीत मी खेटे घातले होते, तिथला नंबर अजून माझ्या वहीत होता. फोन केला. त्यांच्या दिल्लीच्या स्वीय सहायकाने नीट ऐकून घेतलं. प्रेक्षक गॅलरीचा पास खासदाराच्या शिफारशीवर मिळतो. नाव, वय, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव. वेळ ठरलेली असते, दिवसभर बसता येत नाही, हे त्याने आधीच सांगितलं. मी म्हटलं, मिळेल तेवढा वेळ द्या. २० तारखेला संध्याकाळी त्याचा निरोप आला, उद्या दुपारचा पास झालाय.

त्याच रात्री लोकसभेत विधेयक मंजूर झालं. बाजूने ४५४, विरोधात २. त्या दोघांतले एक आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले, छत्रपती संभाजीनगरचे तेव्हाचे खासदार. ओबीसी आणि मुस्लिम बायकांसाठी आत वेगळा वाटा का नाही, असा त्यांच्या पक्षाचा आक्षेप होता.

भाचीने विधेयकाची हिंदी प्रत फोनवर उतरवून घेतली आणि मी ती रात्री वाचायला बसले. चार-पाच पानांचंच आहे. लोकसभेत एक तृतीयांश जागा, विधानसभांत एक तृतीयांश, दिल्लीच्या विधानसभेत एक तृतीयांश. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही एक तृतीयांश. मी हिशेब केला. लोकसभेच्या ५४३ पैकी १८१. आपल्या विधानसभेच्या २८८ पैकी ९६. २०१९ च्या निवडणुकीत महाराष्ट्रात २४ बाया आमदार झाल्या होत्या. चोवीसच्या शहाण्णव. मी ते दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

पुढे कलम ३३४ क आलं आणि त्यात तो शब्द. चक्रानुक्रम. म्हणजे राखीव जागा पाळीपाळीने फिरणं.

या शब्दापाशी मी का थांबले, ते सांगितल्याशिवाय पुढचा दिवस कुणाला कळायचा नाही.

माझी आई शेतकरी संघटनेची. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, त्याला आई शेजारणींबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. मी तेव्हा शाळेत होते. परत आली ती छातीवर लाल बिल्ला लावून. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करून द्यायचा. आमच्या वडिलांनी दीड एकर आईच्या नावावर केली. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं तेव्हा आईने तो उतारा देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. शरद जोशींना ती आजही 'साहेब' म्हणते, दुसऱ्या कुणाला म्हणत नाही.

तर हेच साहेब २००४ ते २०१० राज्यसभेत होते. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत मताला आलं. आदल्या दिवशी गोंधळ झालेला, त्या दिवशी सात सदस्यांना निलंबित करून मार्शलांनी बाहेर नेलं, आणि मग मतदान झालं. बाजूने १८६. विरोधात १. तो एक म्हणजे शरद जोशी.

दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाचून आई काहीच बोलली नाही. चहाचा कप हातात तसाच राहिला. संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "जमीन द्यायला लावली आणि खुर्चीला नाही म्हणाले?" त्यानंतर बिल्ला डब्यात गेला. साहेब २०१५ च्या डिसेंबरात वारले तेव्हा तो डबा पुन्हा उघडला होता, पण बिल्ला तिने लावला नाही.

त्यांचा आक्षेप बायकांच्या आरक्षणाला नव्हता, आरक्षणाच्या रीतीला होता. मतदारसंघ सोडतीने निघणार आणि दर निवडणुकीला फिरणार. त्या वेळच्या विधेयकात एक जागा तीन निवडणुकांत एकदाच राखीव राहणार होती. मग निवडून आलेली बाई तो मतदारसंघ बांधेल कशाला आणि पुढच्या वेळी आपली जागा जाणार हे ठाऊक असलेला पुरुष तरी बांधेल कशाला, असा त्यांचा मुद्दा. तेव्हा मला तो पटला नव्हता. मला वाटलं होतं, एवढी वर्षं बायकांना बाहेर काढून बोलतं करणारा माणूस ऐन वेळी शब्दांचा खेळ करतोय.

२०१५ ला मला तो मुद्दा समजला. पाच वर्षांतली पहिली दोन मला काम शिकण्यात गेली. ठराव कसा लिहायचा, ग्रामसेवकाच्या दप्तरात कुठल्या रकान्यात काय असतं, पंचायत समितीत कुणाच्या टेबलावर कागद अडतो. तिसऱ्या वर्षी वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव मंजूर झाला. पाचव्या वर्षी टाकीचे खांब उभे राहिले. आणि सोडतीत सरपंचपद दुसऱ्याच प्रवर्गाला गेलं. आरक्षण चक्राकार असतं, ते फिरलं. पुढच्या लोकांनी टाकीत हात घातला नाही. ते चार खांब सहा वर्षं उघडे उभे होते, त्यावर पोरं चढून बसायची. वस्तीवरच्या बाया तेव्हाही डोक्यावरूनच पाणी आणत होत्या. मी रोज त्या वाटेने शेतात जायचे. त्या सहा वर्षांत मला साहेबांच्या एका मताची जितकी आठवण झाली तितकी दुसऱ्या कशाची नाही.

म्हणून दिल्लीत रात्री तो शब्द दिसल्यावर मी भाचीला उठवलं. "हे नीट वाचून सांग. इथे कधी फिरणार?"

तिने दोनदा वाचलं. "दर निवडणुकीला नाही, मावशी. परिसीमनानंतर फिरणार. म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी पुन्हा आखल्या की मग."

"आणि त्या कधी आखतात?"

"जनगणना झाल्यावर. पण आरक्षण सुरूच तेव्हा होणार आहे. कायदा लागू झाल्यानंतर जी पहिली जनगणना होईल तिचे आकडे आले, की परिसीमन, आणि मग आरक्षण. मुदत पंधरा वर्षांची."

२०२१ ची जनगणना तेव्हा झालेलीच नव्हती. म्हणजे ताट वाढलं होतं, पण पाट कधी मांडणार ते लिहिलेलं नव्हतं. तरीसुद्धा एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. २०१० च्या आणि या विधेयकात फरक होता. इथे बाईला एकाच मतदारसंघात दुसऱ्यांदा, कदाचित तिसऱ्यांदाही उभं राहता येणार होतं. तिच्या टाकीचे खांब उघडे राहणार नव्हते. उद्या सभागृहात यावर कोण काय बोलतं ते मला ऐकायचं होतं.

सकाळी भाचीला पेज करून दिली, खालच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या मुलीला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. त्याआधी घरी फोन केला. सुनेने हळदीची पावलं काढून झाल्याचं सांगितलं. ह्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, लिलाव बंदच आहेत. जिल्ह्यातल्या कांदा व्यापाऱ्यांनी आदल्या दिवसापासून बाजार समित्यांमधले लिलाव थांबवले होते. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं होतं, त्यावरून हे सगळं पेटलेलं. आमचा उन्हाळ कांदा चाळीत पडून होता आणि खालचा थर सडायला लागला होता.

मेट्रोने राजीव चौक, तिथे गाडी बदलून केंद्रीय सचिवालय. बाहेर आले तर ऊन चांगलंच होतं. नवी इमारत त्रिकोणी, तिच्या शेजारी जुनी गोल. जुनीला दोनच दिवसांपूर्वी संविधान सदन असं नाव दिलेलं. मी रस्त्यावर थांबून त्या गोल इमारतीकडे पाहिलं. त्यातल्याच एका दालनात तेरा वर्षांपूर्वी एक मत विरोधात पडलं होतं. आईला इथे आणायला हवं होतं, असं वाटून गेलं.

आत जायला बराच वेळ लागतो. फोन, पर्स, पाण्याची बाटली, सगळं बाहेर जमा. पास बघतात, ओळखपत्र बघतात, अंगझडती होते, पुन्हा पुढच्या दारावर तेच. रांगेत त्या दिवशी बायकाच जास्त होत्या. माझ्या पुढे हरयाणातल्या चौघीजणी होत्या, डोक्यावर ओढण्या, त्यांतली एक पंचायतीत होती. तिने मला विचारलं, तुमच्याकडे किती टक्के? मी म्हटलं, पन्नास. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत बायकांना निम्म्या जागा आहेत. तिने मान डोलावली. आम्हा दोघींना एकमेकींची अर्धी भाषा कळत नव्हती, पण 'सरपंचपती' हा शब्द दोघींनाही ठाऊक होता.

गॅलरीत नेताना बजावून सांगतात. बोलायचं नाही, टाळ्या नाहीत, उभं राहायचं नाही, कठड्यावर वाकायचं नाही. मग दार उघडलं आणि खाली लाल गालिचा दिसला. लोकसभेचा हिरवा, राज्यसभेचा लाल, हे भाचीने सांगितलेलं. दालनाची घडण कमळावरून घेतलेली. बाकं अर्धगोलात, ३८४ आसनांची जागा, राज्यसभेचे सदस्य मात्र जास्तीत जास्त २५० असू शकतात. मधल्या टेबलाशी कार्यवाही टिपून घेणारे लोक थोड्या थोड्या वेळाने बदलत होते. एक उठायचा, दुसरा येऊन बसायचा, एवढ्या अलगद की बोलणाऱ्याचं वाक्यही तुटत नव्हतं. आमच्या ग्रामसभेचं इतिवृत्त आठ दिवसांनी लिहिलं जायचं, तेही आठवून आठवून. इथे बोललेला शब्द त्याच क्षणी कागदावर जात होता.

पण मी आधी बघितली ती खुर्ची. सभापतींच्या उंच आसनावर एक बाई बसल्या होत्या.

तेव्हाचे सभापती जगदीप धनखड यांनी त्या दिवसासाठी तेरा महिला सदस्यांची उपसभाध्यक्षांच्या तालिकेवर नेमणूक केली होती. पी. टी. उषा, जया बच्चन, नागालँडच्या फांगनॉन कोन्याक, आणि आपल्या परभणीच्या फौजिया खान त्यात होत्या. चर्चा चालू असताना आळीपाळीने त्यांनी खुर्चीत बसायचं. एरवी सभापती किंवा उपसभापती बसतात, ते नसले की तालिकेवरचं कुणी बसतं. मी हे सकाळी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं. खाली एक पुरुष सदस्य तावातावाने बोलत होते आणि खुर्चीतून बाईंचा आवाज आला, आपली वेळ संपली, आता आटपतं घ्या. त्यांनी 'मान्यवर, एकच मिनिट' म्हणून विनंती केली. मग बोलणं आवरलं आणि ते बसले.

ते बसले, एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरपंच झाल्यावर पहिल्या ग्रामसभेत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. सगळे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघून बोलत होते. ह्यांनी तिसऱ्या सभेपासून यायचं बंद केलं, मुद्दाम, म्हणाले, मी नसेन तर तुझ्याकडे बघावंच लागेल. तरीही 'बसा' म्हटल्यावर पुरुष बसायला दीड वर्ष लागलं.

चर्चा ऐकताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर पडत होत्या. विरोधी बाकांवरून, पाठिंबा आहे पण आत्ता का नाही, जनगणना आणि परिसीमनाची अट कशाला, ओबीसी बायकांचा वाटा कुठे. सत्ताधारी बाकांवरून, इतकी वर्षं कुणाला जमलं नाही ते आम्ही करतोय, आणि जागा कुठल्या राखीव ठेवायच्या ते सरकारने नाही, परिसीमन आयोगाने ठरवायचं. मला दोन्हीकडचं पटत होतं आणि दोन्हीकडे काही तरी कमी वाटत होतं. ओबीसींच्या वाट्याचा मुद्दा माझ्या मते खरा आहे. आमच्या पंचायतीत तो वाटा आहे, आणि त्या जागेवर आलेली माळी समाजातली सदस्य माझ्यापेक्षा जास्त धीट निघाली होती. जे गावात चालतं ते दिल्लीत का चालू नये, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं नाही.

चक्रानुक्रमावर मात्र मी बसले होते तेवढ्या वेळात कुणी बोललं नाही. मी वाट बघत होते. प्रत्येक नवा सदस्य उभा राहिला की वाटायचं, आता निघेल. नाही निघालं. सगळ्यांचं बोलणं बाई आत कशी येईल यावर. आत आलेल्या बाईला काम पुरं करायला किती वर्षं लागतात, हे तिथे कुणी तरी सांगायला हवं होतं. मी वरून बघत होते, खाली माईक होते, आणि बोलायची परवानगी नव्हती.

वेळ संपल्याची खूण झाली. आम्ही रांगेने उठलो. दारातून मी एकदा मागे बघितलं, खुर्चीत आता दुसऱ्या बाई बसल्या होत्या.

खोलीवर आले तेव्हा भाची उठून बसलेली. प्लेटलेट्स वाढल्या होत्या. उरलेला दिवस आम्ही दोघींनी संसद टीव्हीवर बघितला, फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून. मी पालक निवडत होते. ती मधूनच मला समजावत होती. म्हणाली, "मावशी, एक लक्षात आलं का? हे आरक्षण राज्यसभेला नाहीच."

मला माहीत नव्हतं. राज्यसभेच्या बहुतेक सदस्यांना विधानसभांचे आमदार निवडून देतात, तिथे मतदारसंघ राखीव ठेवायचा प्रश्नच येत नाही. विधान परिषदेलाही ते नाही. म्हणजे त्या लाल गालिच्यावर बसलेल्यांपैकी कुणाची राज्यसभेतली जागा या कायद्याने जाणार नव्हती. यामुळे मतदान सोपं झालं असेल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लोकसभेतल्या लोकांच्या जागा तर जाणार आहेत, त्यांनीही ४५४ दिलीच की. तेही खरं.

रात्र झाली, जेवणं झाली, चर्चा चालूच. मतदानाआधी पंतप्रधान बोलले, सर्वांनी मिळून एकमताने मंजूर करावं असं म्हणाले. मग खरं कामकाज सुरू झालं आणि दिवसभरातलं मला सगळ्यात आवडलेलं तेच. घटनादुरुस्ती असली की एकदा हात वर करून भागत नाही. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे २४५ पैकी १२३ तरी, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश, असं दुहेरी बहुमत लागतं. तेही एकदा नाही. विधेयक विचारात घ्यायचं का इथे एकदा, मग कलमागून कलम, आणि शेवटी पूर्ण विधेयकावर. घंटा वाजते, लॉबी मोकळी करतात, दारं लागतात. विरोधकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या आल्या आणि नामंजूर झाल्या. प्रत्येक वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने.

आणि एक गंमत वाटावी अशी रीत. दुसऱ्या कलमापासून सुरुवात करतात आणि पहिलं कलम सगळ्यांत शेवटी घेतात. पहिल्यात कायद्याचं नाव असतं. आधी अंग तयार झालं पाहिजे, नाव मागून. आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं करतात तसं. हे मी भाचीला म्हटलं तर ती म्हणाली, पुस्तकात हे असं कुणी लिहीत नाही.

मी पाच वर्षांत किती तरी ठराव केले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर, खाली सह्या. अर्ध्या वेळा सह्या घरोघर फिरून घेतलेल्या. मी स्वतः तसं केलेलं आहे आणि ते चूक होतं. राज्यसभेचा तो संथपणा बघताना मला कळलं की वेळ लागतो म्हणूनच त्या कागदाला वजन येतं. दार लावून, माणसं मोजून, एकेक ओळ मताला टाकून.

शेवटचा आकडा आला. बाजूने २१४. विरोधात शून्य.

भाचीने टाळी वाजवली. गॅलरीत वाजवता आली नसती ती मीही वाजवली. वरच्या मजल्यावरूनही आवाज आला, त्या इमारतीत सगळ्या परीक्षेच्या मुली. थोड्याच वेळात सभागृह बेमुदत तहकूब झालं, ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच. पुढे २८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. १२८ वी दुरुस्ती म्हणून आलेलं विधेयक १०६ वी घटनादुरुस्ती म्हणून कायदा झालं.

२०१० चं विधेयक राज्यसभेने मंजूर करून लोकसभेकडे पाठवलं होतं आणि तिथे ते चार वर्षं पडून राहिलं. २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली तशी त्याचीही मुदत संपली. या वेळी क्रम उलटा होता, लोकसभा आधी, राज्यसभा नंतर. त्यामुळे अडायला पुढे कुणी उरलं नव्हतं. उरली होती ती जनगणना.

रात्री उशीर झाला होता, तरी आईला फोन लावला. ती भावाकडे असते. गौरी घरात घेऊन सगळं आवरलं तरी जागी होती. "गौर आली का?" मी विचारलं. "आली, सोन्याच्या पावलांनी आली," ती म्हणाली, "तुझ्याकडची पण आली. सून फोनवर दाखवत होती." मग मी तिला सगळं सांगितलं. लाल गालिचा, खुर्चीतल्या बाई, तो 'बसा' म्हटल्यावर बसलेला खासदार, घंटा, कलमं.

"विरोधात किती?" तिने विचारलं.

"शून्य."

"एकही नाही?"

"एकही नाही, आई."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मी तिला चक्रानुक्रमाचं सांगितलं. की या वेळी दर पाच वर्षांनी फिरणार नाही. साहेबांनी ज्यावर बोट ठेवलं होतं ते यात बरंचसं बदललंय. तिला ते एकदम कळलं, माझ्यापेक्षा लवकर. "म्हणजे बाईला दुसरी पंचवार्षिक मिळणार," ती म्हणाली. "तुझी टाकी झाली असती मग."

"झाली असती."

"साहेब असते तर कुठलं बटण दाबलं असतं गं?"

मी म्हटलं, मला नाही सांगता येणार. जनगणनेची अट बघून ते काय म्हणाले असते देव जाणे. आईने हुं केलं. माझ्या लक्षात आलं की तेरा वर्षांत तिने पहिल्यांदाच त्या मताबद्दल विचारलं होतं, आणि आवाजात राग नव्हता.

"उद्या तो डबा काढते," ती म्हणाली. कुठला डबा ते मी विचारलं नाही.

मी ठेवते म्हणून सांगत होते तेवढ्यात ती परत बोलली. "आणि कांद्याचं काय? लिलाव कधी उघडतात ते विचारलंस का तिथे कुणाला?"

गॅलरीत बसलेल्या माणसाला काही विचारता येत नाही, एवढंच मी तिला सांगितलं.